मेव्हिस स्टेपल्स : गॉस्पेल, सोल आणि चळवळीची जिवंत मैफल

मेव्हिस स्टेपल्स या अमेरिकेतील ज्येष्ठ कृष्णवर्णीय गायिका. जन्म १० जुलै १९३९, शिकागो. वडील आणि भावंडांसोबत त्या १९४८ पासून चर्चमध्ये गाऊ लागल्या. त्यांचे कौटुंबिक पथक ‘द स्टेपल सिंगर्स’ या नावाने जगभर ओळखले गेले. डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या सभांमध्ये या पथकाने गाणी गायली, सत्तरच्या दशकात अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिला क्रमांक मिळवला, आणि पथकातील एकेक माणूस गेल्यावर मेव्हिस एकट्या उभ्या राहून गात राहिल्या. एप्रिल २०२४ मध्ये त्यांच्या पंच्याऐंशीव्या वाढदिवसानिमित्त लॉस एंजेलिसजवळ मोठी मैफल झाली, तेव्हा व्यासपीठावर आलेले बहुतेक कलावंत त्यांच्यापेक्षा एक-दोन पिढ्यांनी लहान होते.

त्यांच्या पुरस्कारांची माहिती कुठेही मिळते. आम्हाला येथे त्यांच्या प्रत्यक्ष कार्यक्रमाविषयी लिहायचे आहे. गॉस्पेल आणि सोल या प्रकारात गाणे ध्वनिमुद्रिकेवर पूर्ण होत नाही. ते समोर माणसे असताना, त्यांच्या प्रतिसादातून पूर्ण होते. चळवळीची गाणी नेमकी कशी काम करतात हे समजून घ्यायचे असेल, तर मेव्हिस स्टेपल्स यांच्या साठ वर्षांतील चार-पाच मैफली पाहणे-ऐकणे हा उत्तम अभ्यास आहे. आपल्याकडे गाणे लिहिणाऱ्या आणि गाणाऱ्या तरुणांसाठी तर नक्कीच.

गॉस्पेल कुठून आले

गॉस्पेल म्हणजे कृष्णवर्णीय चर्चमधील भक्तिगीत, एवढी व्याख्या अपुरी आहे. गुलामगिरीच्या काळात मळ्यांवर राबणाऱ्या माणसांची सामूहिक गाणी होती. एकाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी ती उचलायची. शाहीर आणि झीलकरी यांचे नाते ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही रीत वेगळी समजावून सांगायला नको. या गाण्यांत नदी ओलांडण्याचे, वचन दिलेल्या भूमीचे, बंधनातून सुटलेल्या लोकांचे उल्लेख येतात. बायबलमधील त्या गोष्टी गुलाम माणूस स्वतःच्या सुटकेच्या गोष्टी म्हणून गात होता.

विसाव्या शतकात दक्षिणेकडील लाखो कृष्णवर्णीय कुटुंबे कापसाची शेते सोडून शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्क अशा शहरांत आली. शिकागोत थॉमस डॉर्सी नावाचा पियानोवादक होता. तो आधी ‘जॉर्जिया टॉम’ या नावाने ब्लूज गायचा, म्हणजे दारूच्या गुत्त्यांत चालणारी गाणी. त्याने ब्लूजची लय आणि सूर चर्चच्या गाण्यात आणले. सुरुवातीला अनेक प्रतिष्ठित चर्चनी त्याला दारातूनच परत पाठवले. १९३२ मध्ये बाळंतपणात त्याची पत्नी गेली, बाळही गेले. त्या दुःखात त्याने लिहिलेले ‘प्रेशस लॉर्ड’ हे गीत पुढे चळवळीच्या इतिहासात फार मोठ्या जागी येते. त्याचा उल्लेख पुढे करू.

सोल हा त्याच घरातला धाकटा भाऊ. पन्नास-साठच्या दशकांत गॉस्पेल गाणाऱ्या मुलामुलींनी तीच गायकी, तोच आवेग घेऊन प्रेमाची, रस्त्यावरची, रोजच्या जगण्याची गाणी गायली, त्याला सोल म्हणू लागले. सॅम कुक, अरेथा फ्रँकलिन हे सगळे चर्चमधून आलेले. चर्चला ते फारसे रुचले नाही. बाहेर जाऊन ‘सैतानाचे संगीत’ गाता, असा आरोप सर्रास होत असे. स्टेपल्स कुटुंबाच्याही तो वाट्याला आला.

आमच्या काही वाचकांना येथे प्रश्न पडेल की देवाची स्तुती असलेल्या गाण्यांशी आपले काय नाते? प्रश्न रास्त आहे. आम्ही ती श्रद्धा मानत नाही, आणि ती मान्य करा असे सांगण्यासाठी हा लेखही नाही. मात्र ज्या लोकांना कोर्टात, शाळेत, मतदान केंद्रावर उभे राहू दिले जात नव्हते, त्यांना मोठ्याने बोलण्याची, जमण्याची आणि नेतृत्व शिकण्याची एकमेव जागा चर्च होती. त्यांच्या गाण्याची भाषा त्या जागेची असणार हे उघड आहे.

डॉकरीचा मळा ते शिकागो

मेव्हिस यांचे वडील रोबक स्टेपल्स यांना सगळे ‘पॉप्स’ म्हणत. जन्म १९१४, मिसिसिपी राज्य. त्यांचे लहानपण डॉकरी नावाच्या कापसाच्या मळ्यावर गेले. हा मळा ब्लूज संगीताच्या इतिहासात प्रसिद्ध आहे, कारण चार्ली पॅटनसारखे गायक तिथे वावरत. पॉप्स यांनी गिटार तिथेच शिकले. तिशीच्या दशकात ते कुटुंबासह शिकागोला आले आणि कत्तलखान्यासारख्या ठिकाणी अंगमेहनतीची कामे करू लागले. पुढे त्यांनी गहाणवटीच्या दुकानातून एक स्वस्त गिटार घेतले आणि मुलांना जमिनीवर गोल बसवून घरातच गाणी शिकवायला सुरुवात केली. क्लिओथा, पर्व्हिस, इव्हॉन आणि मेव्हिस. पहिले जाहीर गाणे नात्यातल्या एका चर्चमध्ये झाले. मेव्हिस इतक्या लहान होत्या की लोकांना दिसाव्यात म्हणून त्यांना खुर्चीवर उभे करण्यात आले होते.

त्यांचा आवाज मात्र लहान मुलीचा नव्हता. तो खालच्या पट्टीतला, जाड, घोगरा होता. १९५६ मध्ये ‘अनक्लाउडी डे’ ही ध्वनिमुद्रिका गाजली तेव्हा रेडिओवर ऐकणाऱ्यांना हा एखाद्या पुरुषाचा किंवा थोराड बाईचा आवाज वाटत असे. प्रत्यक्ष कार्यक्रमात एक सडपातळ किशोरी पुढे येऊन तो सूर लावायची तेव्हा लोक थक्क व्हायचे. पॉप्स यांचे गिटारही वेगळे होते. ॲम्प्लिफायरमधून सूर थरथरत, लाटेसारखा येई. चर्चच्या गाण्याला अशी ब्लूजची साथ तेव्हा नवी होती.

लहानपणी काही काळ मेव्हिस मिसिसिपीत आजीकडे राहिल्या. ते दिवस पुढे त्यांच्या मैफलीत वारंवार येतात.

डॉ. किंग यांची भेट

साठच्या दशकाच्या पूर्वार्धात स्टेपल्स कुटुंब कार्यक्रमानिमित्त अलाबामातील मॉंटगोमेरीला गेले होते. तेथे पॉप्स यांनी डॉ. किंग यांचे प्रवचन ऐकले. हॉटेलवर परतल्यावर त्यांनी मुलांना सांगितले की या माणसाचे म्हणणे मला पटले आहे. तो जे प्रवचनातून सांगतो ते आपण गाण्यातून सांगू शकतो. मेव्हिस यांनी ही हकीकत अनेकदा सांगितली आहे. त्यानंतर पथकाच्या गाण्यांत भक्तीबरोबर थेट सामाजिक आशय आला.

यातील एक गाणे डॉ. किंग यांना विशेष आवडत असे : ‘व्हाय ॲम आय ट्रीटेड सो बॅड’. १९५७ मध्ये आर्कान्सातील लिटल रॉक येथे नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना गोऱ्यांच्या शाळेत प्रवेश घेताना जमावाने आणि राज्याच्या गव्हर्नरने अडवले होते. त्या मुलांच्या बातम्या पाहून पॉप्स यांनी हे गीत लिहिले. सभेच्या आधी स्टेपल्स पथक गायचे, आणि डॉ. किंग पॉप्सना आठवण करून द्यायचे की माझे गाणे विसरू नका.

हे सगळे सुरक्षित अंतरावरून चाललेले नव्हते. दक्षिणेत प्रवास करणाऱ्या कृष्णवर्णीय कलावंतांना मुक्कामाला हॉटेल मिळत नसे, रस्त्यावर पोलिसांची भीती असे. १९६४ मध्ये एका पेट्रोल पंपावरील वादानंतर आर्कान्सातील वेस्ट मेम्फिस येथे पोलिसांनी या कुटुंबाची गाडी अडवली, बंदुका रोखल्या आणि त्यांना ठाण्यात नेले. रात्री हजारोंनी टाळ्या वाजवलेल्या माणसांना पहाटे हातकड्या, असा तो काळ होता.

डॉ. किंग यांचा आपल्याशीही एक धागा आहे. १९५९ मध्ये ते भारतात आले होते. केरळमधील त्रिवेंद्रमच्या एका शाळेत, जिथे अस्पृश्य समाजातील मुले शिकत होती, मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख ‘अमेरिकेतील अस्पृश्य बांधव’ अशी करून दिली. किंग यांना आधी ते खटकले. मग आपल्या देशातील कृष्णवर्णीयांची स्थिती आठवून त्यांनी मनाशी मान्य केले की होय, मी अस्पृश्यच आहे. ४ जुलै १९६५ रोजी अटलांटातील प्रवचनात त्यांनी हा प्रसंग स्वतः सांगितला.

९ एप्रिल १९६५, न्यू नाझरेथ चर्च

त्या प्रवचनाच्या तीन महिने आधी शिकागोच्या दक्षिण भागातील न्यू नाझरेथ चर्चमध्ये स्टेपल सिंगर्सचा जो कार्यक्रम झाला, तो आमच्या मते या सगळ्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा ध्वनिमुद्रित पुरावा आहे.

पार्श्वभूमी अशी. ७ मार्च १९६५ रोजी सेल्मा येथे मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी पुलावर लाठ्या आणि अश्रुधुराचा मारा केला. तो दिवस ‘रक्तरंजित रविवार’ म्हणून ओळखला जातो. पुढे मोर्चा पुन्हा निघाला आणि २५ मार्चला मॉंटगोमेरीत पोहोचला. त्यानंतर अवघ्या दोन आठवड्यांनी हा कार्यक्रम झाला. पॉप्स श्रोत्यांना त्या मोर्चाविषयी सांगतात, त्यातून एक गाणे जन्माला आले असे म्हणतात, आणि ‘फ्रीडम हायवे’ सुरू होते.

ध्वनिमुद्रण ऐकताना पहिल्यांदा जाणवतात त्या टाळ्या. आपली सवय पहिल्या मात्रेवर, समेवर टाळी देण्याची. तिथे टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडते. त्यामुळे गाणे सतत पुढे ढकलल्यासारखे चालते, मोर्चातील पावलांसारखे. वाद्ये फार थोडी : पॉप्स यांचे गिटार, बास, ड्रम. उरलेला सगळा ताल माणसांच्या हातापायांचा आहे. कोणीतरी मध्येच ओरडून दाद देतो, कोणी बाई ‘होय’ म्हणते, आणि मेव्हिस त्या हाकेला उत्तर देत ओळ पुन्हा उचलतात. लिहिलेले गाणे संपलेले असते, पण लोक संपू देत नाहीत.

या गीतात टॅलाहाची नदीचा उल्लेख आहे. १९५५ मध्ये एमेट टिल या चौदा वर्षांच्या मुलाला मिसिसिपीत ठार मारून त्याचे प्रेत याच नदीत टाकले होते. एमेट मूळचा शिकागोचा. त्याच्या आईने शवपेटी उघडी ठेवून अंत्यविधी केला आणि त्या छिन्नविच्छिन्न चेहऱ्याचे दर्शन घ्यायला शिकागोतील हजारो लोक रांगेत उभे राहिले. त्याला जेमतेम दहा वर्षे झाली होती. न्यू नाझरेथमध्ये बसलेल्यांपैकी अनेकांना ते आठवत असणार. नदीचे एक नाव उच्चारले की पुढचे काही सांगावे लागत नाही, अशी ही श्रोत्यांची आणि गायकांची सामाईक स्मृती.

१९६५ साली निघालेल्या तबकडीत हा कार्यक्रम कापून आणि क्रम बदलून दिला होता. पन्नास वर्षे झाल्यावर, २०१५ मध्ये तो पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाला. ऐकायचा तर तोच ऐकावा. त्यात गाण्यांमधले बोलणे, थांबणे, आशीर्वचन असे सगळे येते, आणि सभा व मैफल यांत तिथे फरक नव्हता हे लक्षात येते.

हार्लेम, १९६९

४ एप्रिल १९६८ रोजी मेम्फिसमध्ये डॉ. किंग यांची हत्या झाली. गोळी लागण्यापूर्वी काही क्षण ते बाल्कनीतून खाली उभ्या असलेल्या बेन ब्रँच या वादकाला रात्रीच्या सभेत ‘प्रेशस लॉर्ड’ वाजवण्याची विनंती करत होते. तेच, थॉमस डॉर्सीचे गीत. किंग यांच्या अंत्यसंस्कारात ते महालिया जॅक्सन यांनी गायले.

महालिया जॅक्सन म्हणजे गॉस्पेलची सम्राज्ञी. १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चात किंग भाषण करत असताना ‘त्या स्वप्नाविषयी सांगा’ असे मागून ओरडून सांगणाऱ्या त्याच. मेव्हिस लहानपणापासून त्यांना मानत.

१९६९ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या हार्लेममधील माउंट मॉरिस पार्कमध्ये कृष्णवर्णीय कलावंतांचा सांस्कृतिक महोत्सव झाला. सहा रविवारी मिळून सुमारे तीन लाख लोक आले. त्यात जेसी जॅक्सन यांनी किंग यांच्या आठवणी सांगून ‘प्रेशस लॉर्ड’ची घोषणा केली. महालिया यांची तब्येत बरी नव्हती. त्यांनी मेव्हिसला सुरुवात करायला सांगितले. मेव्हिस नुकत्याच तिशीत पोहोचलेल्या. त्यांनी सुरुवात केली, मग महालिया उठल्या, आणि पुढची काही मिनिटे दोघी एकाच ध्वनिक्षेपकावर, आळीपाळीने, एकमेकींना ढकलत आणि सावरत गातात. शब्द हळूहळू मागे पडतात. उरतो तो आकांत. सव्वा वर्षापूर्वी नेता गमावलेला समाज आणि त्याचे रडणे.

हे चित्रण हॅल टुल्चिन यांनी केले होते. त्याचा बहुतांश भाग जवळजवळ पन्नास वर्षे पडून राहिला. त्याच वर्षीच्या वुडस्टॉक महोत्सवाचा चित्रपट लगेच निघाला, जगभर गाजला. हार्लेमचा निघायला २०२१ साल उजाडले. ‘समर ऑफ सोल’ या नावाच्या त्या माहितीपटाला पुढच्या वर्षी ऑस्कर मिळाला. कोणाचा इतिहास जपला जातो आणि कोणाचा तळघरात ठेवला जातो, हे आपल्याला नवीन नाही. आपल्या जलशांचे, वामनदादा कर्डकांच्या रात्ररात्र चाललेल्या कार्यक्रमांचे चित्रण किती जपले गेले, याचा हिशेब तरुणांनी मांडायला हवा. घराघरांत पडलेल्या कॅसेटपासून सुरुवात करता येईल.

लोकप्रियतेची वर्षे

१९६८ मध्ये स्टेपल सिंगर्स मेम्फिसच्या स्टॅक्स या कंपनीकडे गेले आणि पुढची पाच-सहा वर्षे त्यांची सर्वाधिक गाजली. ‘रिस्पेक्ट युअरसेल्फ’ आणि ‘आय विल टेक यू देअर’ ही त्या काळातील. दुसरे गाणे १९७२ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. स्टॅक्सचे अल बेल यांनी आपल्या भावाच्या दफनविधीनंतर ते लिहिले. त्यात कडवी जवळजवळ नाहीतच. दोनच कॉर्ड, एक बासचा ठेका, आणि त्यावर मेव्हिस यांची हाक. लोकांनी उत्तर द्यावे म्हणूनच बांधलेले गाणे. चर्चमधून बाहेर नाचघरात गेले तरी त्याची रचना चर्चचीच राहिली, म्हणून ते आजही मैफलीच्या शेवटी चालते.

मार्च १९७१ मध्ये घानाची राजधानी आक्रा येथे, ऑगस्ट १९७२ मध्ये लॉस एंजेलिसच्या कॉलिझियममध्ये. यातला दुसरा कार्यक्रम ‘वॉट्सस्टॅक्स’. १९६५ च्या वॉट्स वस्तीतील उठावाच्या स्मरणार्थ तो झाला, तिकीट एक डॉलर, आणि लाखावर लोक आले. तिकिटाचा दर लक्षात ठेवा. पुढे त्याचा संदर्भ येईल.

वर्ष १९७२ हेच आपल्याकडे दलित पँथरच्या स्थापनेचे. अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून हे नाव घेतले हे सर्वश्रुत आहे. त्या पिढीतील कवींनी तिकडचे साहित्य वाचले, त्यावर बोलले. संगीत मात्र आपल्यापर्यंत फारसे पोहोचले नाही.

वडील गेल्यानंतर

डिसेंबर २००० मध्ये पॉप्स गेले. मेव्हिस यांना गाणे सुचेना. आयुष्यभर डाव्या-उजव्या बाजूला वडिलांचे गिटार आणि बहिणींचे आवाज असण्याची सवय. बहीण इव्हॉन यांनी त्यांना रेटून पुन्हा उभे केले. २००७ मध्ये चळवळीच्या गाण्यांचा ‘वी विल नेव्हर टर्न बॅक’ हा संग्रह आला, आणि जून २००८ मध्ये शिकागोच्या ‘हाइडआउट’ या छोट्या क्लबमध्ये त्या गाण्यांचा कार्यक्रम ध्वनिमुद्रित झाला. तो प्रसिद्ध झाला ४ नोव्हेंबर २००८ रोजी, म्हणजे बराक ओबामा निवडून आले त्याच दिवशी.

या कार्यक्रमात ‘डाउन इन मिसिसिपी’ हे गाणे आहे. ते गाता गाता त्या मध्येच गोष्ट सांगायला लागतात. आजीबरोबर चाललेली लहान मुलगी, तहान, पाण्याचा नळ, आणि या नळाचे पाणी तुला चालणार नाही असे सांगणारी आजी. नळावर वर्णाची पाटी. मग डॉ. किंग यांनी त्या पाट्या कशा उतरवल्या हे त्या सांगतात आणि खोली दणाणते. महाडच्या चवदार तळ्यावर वाढलेल्या वाचकाला याचे भाषांतर लागत नाही.

येथे ज्येष्ठ गायिकेच्या कलेविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण ‘वय झाले तरी किती जोश’ अशा कौतुकात ती हरवते. वाढत्या वयात आवाजाचा वरचा भाग झिजतो, दम कमी पडतो. मेव्हिस यांनी ते लपवले नाही. ओळी लहान केल्या, मध्ये मोकळी जागा ठेवली, घोगरेपणा पुढे आणला. त्यांचा वाद्यवृंद मुद्दाम सडा आहे : गिटार, बास, ड्रम आणि मागे दोन-तीन गळे. कीबोर्ड नाही. गिटारवादक रिक होल्मस्ट्रॉम पॉप्स यांच्या थरथरत्या सुराची आठवण ठेवून वाजवतात, पण आवाज चढवत नाहीत, त्यामुळे गायिकेला ओरडावे लागत नाही. मध्ये एखादी रचना नुसत्या वाद्यांवर होते तेवढ्यात त्या बसून दम घेतात. मग परत येतात आणि एकच वाक्य आठ-दहा वेळा, दर वेळी वेगळ्या ठिकाणी जोर देत म्हणतात. कुठे थांबायचे हे आधी ठरलेले नसते. समोरचे लोक किती जागे झाले यावर ते ठरते, आणि ड्रमवादक त्यांच्या हाताकडे पाहत राहतो.

जुलै २०१८ मध्ये लंडनच्या युनियन चॅपलमध्ये दोन रात्री कार्यक्रम झाले. त्याची ध्वनिमुद्रिका २०१९ मध्ये आली. युनियन चॅपल हे अजूनही प्रार्थनास्थळ आहे, लाकडी बाके, उंच छत. त्याच वर्षी एप्रिलमध्ये इव्हॉन गेल्या होत्या. आता मूळ पथकातील भाऊ पर्व्हिस उरले होते, तेही २०२१ मध्ये गेले. ‘फ्रीडम हायवे’ गाताना मेव्हिस आजही सांगतात की हे गाणे वडिलांनी कोणत्या मोर्चासाठी लिहिले, मी तेव्हा होते आणि अजून आहे. एवढ्या साध्या निवेदनाने गाण्याचे स्वरूप बदलते. ती साक्ष होते. मोर्चा पाहिलेली, किंग यांना गाऊन दाखवलेली व्यक्ती समोर उभी राहून बोलते आहे. दुसऱ्या कोणीही, कितीही चांगल्या गळ्याने ते गायले तरी ही गोष्ट त्यात येणार नाही.

एक अवघड बाजू

आता तिकिटाकडे येऊ. वॉट्सस्टॅक्सचे तिकीट एक डॉलर होते. आज मेव्हिस यांच्या मैफली मोठ्या सभागृहांत आणि महोत्सवांत होतात. २०११ मध्ये, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, त्यांना पहिला ग्रॅमी मिळाला. २०१६ मध्ये केनेडी सेंटरचा सन्मान मिळाला. श्रोत्यांत गोऱ्या, मध्यमवर्गीय लोकांची संख्या मोठी असते. ज्यांच्या पोलिसांनी हातकड्या घातल्या त्यांचीच मुले-नातवंडे आज टाळ्या वाजवतात. हा विजय आहे की गाण्याची धार गेली?

काही कृष्णवर्णीय अभ्यासकांनी आणि कलावंतांनी अशी नाराजी अनेकदा बोलून दाखवली आहे की आपले संगीत जुने झाले की गोऱ्यांना ते ‘वारसा’ म्हणून आवडू लागते, आणि ते ऐकून आपण भेदभावाच्या विरोधात आहोत असे समाधान त्यांना फुकटात मिळते. हे म्हणणे खोटे नाही. आपल्याकडेही जयंतीच्या व्यासपीठावर भीमगीतावर डोलणारे पुढारी दुसऱ्या दिवशी काय करतात हे आपण पाहतो.

तरीही आम्हाला मेव्हिस यांची बाजू अधिक पटते. त्यांनी जुनी गाणी जुनी म्हणून गायली नाहीत. २०१७ मध्ये त्यांनी ‘इफ ऑल आय वॉज वॉज ब्लॅक’ हा नव्या गाण्यांचा संग्रह काढला, तोही ट्रम्प यांच्या पहिल्या वर्षात. २०१९ च्या ‘वी गेट बाय’च्या मुखपृष्ठावर गॉर्डन पार्क्स यांचे १९५६ मधील छायाचित्र आहे : अलाबामातील कृष्णवर्णीय मुले जाळीच्या कुंपणाबाहेर उभी राहून आत चाललेले गोऱ्यांचे खेळाचे मैदान पाहत आहेत. समोर कोण बसले आहे ते पाहून त्यांनी आपले म्हणणे मऊ केले नाही. गोड हसत, विनोद करत, पण नदीचे नाव त्या घेतातच. श्रोता बदलला म्हणून साक्षीदाराने साक्ष बदलू नये, एवढीच अपेक्षा आपण करू शकतो, आणि ती त्यांनी पाळली आहे.

भीतीची गोष्ट दुसरीच आहे. अशी साक्ष देणारे थोडे उरले आहेत.

कुठून ऐकावे

सुरुवात ‘समर ऑफ सोल’मधील महालिया-मेव्हिस यांच्या गाण्याने करावी. इंग्रजी समजले नाही तरी चालेल. मग न्यू नाझरेथ चर्चचा २०१५ मध्ये आलेला पूर्ण कार्यक्रम, त्यानंतर ‘हाइडआउट’. ‘वॉट्सस्टॅक्स’चा माहितीपट १९७३ चा आहे, त्यात गाण्यांइतकीच वस्तीतील लोकांची बोलणी मोलाची आहेत. तुलनेसाठी अरेथा फ्रँकलिन यांचे जानेवारी १९७२ मधील लॉस एंजेलिसच्या चर्चमधील चित्रण पाहावे. सोलमध्ये शिखर गाठलेली गायिका घरी परतते तेव्हा काय होते ते त्यात दिसते. यातले काहीही मोबाइलच्या इअरफोनवर एकट्याने ऐकण्यापेक्षा विहारातल्या किंवा वसतिगृहातल्या खोलीत आठ-दहा जणांनी मिळून ऐकावे. टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. पहिल्या दोन-तीन गाण्यांत चुकते, नंतर हात आपोआप बसतो.